बाणाच्या दिशेनं

धावायचं कबूल केलं तेव्हा ताई बसलेली होती, ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. पाठीला मऊ उशी, मांडीवर झोपलेली लेक आणि हातात गरम चहा अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. धाकट्या बहिणीनं फोनवर विचारलं, "ताई, लग्नाच्या आदल्या सकाळी माझ्याबरोबर धावशील?" आणि ताई, जणू कुणी चहात साखर घालू का विचारतंय अशा सुरात, "धावेन की," म्हणून मोकळी झाली.

कपातला चहा गार होत गेला तसतसं आपण काय बोलून बसलो ते तिला कळत गेलं.

धाकटीचं होणारं सासर धावणाऱ्यांचं होतं. सासूबाई शाळेत क्रीडाशिक्षिका. गळ्यात दागिना नसला तरी शिट्टी असायचीच. सासरे, काका, आत्या आणि खुद्द नवरदेव, सगळे वेताच्या छडीसारखे काटक. घरात लग्न निघालं की आदल्या सकाळी दोन्हीकडच्या माणसांनी मिळून दहा किलोमीटर धावायचं, अशी त्या घरानं स्वतःपुरती काढलेली पद्धत होती. इकडच्या बाजूला पाहावं तर बाबांचा गुडघा, आईचं ब्लडप्रेशर, आणि मामा तर लिफ्ट बंद दिसली की खालूनच फोनवर ख्यालीखुशाली विचारून परत जाणारा.

"आपल्याकडून एक तरी माणूस माझ्या बाजूला हवं गं," धाकटी म्हणाली होती. "नाहीतर त्या सगळ्यांत मी एकटीच."

लहानपणी शाळेच्या वाटेवर कुत्रं दिसलं की धाकटी मागून ताईच्या दप्तराचा पट्टा धरायची आणि ह्याच आवाजात म्हणायची, "ताई, आहेस ना?" त्या आवाजाला नाही म्हणायची सोय ताईच्या शरीरात नव्हतीच. दुर्दैवानं दहा किलोमीटर धावायचीही नव्हती.

त्यातून ताई विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात. माणसं कशीकशी पडतात, हे ती दिवसभर वाचायची. माणूस शिडीवरून पडतो तसा चटईवरूनही पडतो, आणि चटईवरून पडलेल्याच्या कागदांचा गठ्ठा जास्त जाड असतो, हे तिला पक्कं माहीत होतं. असली बाई घरी आल्यावर अडीच वर्षांच्या लेकीकडे कोणत्या नजरेनं बघत असेल, ते सांगायला नको. लेकीचं लाडाचं नाव टिंबू. टिंबू खुर्चीवर चढली की ताईला पुढचे सगळे कागद डोळ्यांसमोर दिसत.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं हसू दाबलं. उघड हसणाऱ्याशी भांडता तरी येतं. दाबलेल्या हसण्याचं काय करणार?

"धाव ना, उत्तमच आहे," तो म्हणाला. "पण सहलींचं काय?"

नवरा भूमापन खात्यात होता. वर्षभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजून तो इतका कंटाळायचा, की न मोजता नुसती बघायची जमीन त्याला हिवाळ्यात लागायचीच. उरलेली रजा वर्षाअखेर बुडते; आणि रजा बुडणं म्हणजे त्याच्या लेखी जहाज बुडण्यासारखं. लग्न ठरायच्या कितीतरी आधी त्यानं डोंगर, समुद्र आणि जंगल अशा तीन सहली ठरवून ठेवल्या होत्या.

"रद्द कर एखादी."

"कोणती? तूच सांग. टिंबूला समुद्र दाखवायचा नाही का?"

हा घाव वर्मी होता. शेवटी सहलीही होतील आणि सरावही होईल, असा तह झाला. "सहलीत सराव करायचा, आणि सराव ही एक सहलच समजायची," नवरा म्हणाला. असली वाक्यं बोलणाऱ्याला धावायचं नसतं.

सरावाला पहिली अडचण आली ती टिंबूची. रस्त्यावर धावायला गेलं तर ती नजरेआड होणार. ताईच्या सासूबाई तिला सांभाळायला तयार होत्या, नव्हे, त्यांनी स्वतःची चार मुलं सांभाळली होती आणि त्यांपैकी एकाशी ताईनं लग्नही केलं होतं. पण नजरेआड ते नजरेआडच. तेव्हा असं ठरलं की ताईनं इमारतीभोवतीच फेऱ्या मारायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सासूबाईंनी टिंबूला घेऊन उभं राहायचं. ताई बाल्कनीखाली आली की त्यांनी टिंबूला उचलून दाखवायचं, ताईनं मान वर करून "दिसली!" असं ओरडायचं, मग सासूबाईंनी तिला खाली ठेवायचं.

पहिल्याच सकाळी, तिसऱ्या "दिसली"ला, सोसायटीचे सेक्रेटरी मफलर गुंडाळून खाली आले.

"हे काय चाललंय?"

"धावतेय."

"ते दिसतंय. पण का?"

"बहिणीचं लग्न आहे."

सेक्रेटरींनी ह्या उत्तरावर बराच विचार केला, पण त्यांना संबंध लागला नाही. त्यांनी खिशातून सोसायटीचे नियम काढले. हा गृहस्थ नियम खिशात घेऊनच झोपत असावा. मोठ्यांनी आवारात चालावं, मुलांनी खेळावं, एवढंच त्यात होतं. धावण्याबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

"चालणं म्हणावं तर वेग जास्त आहे," सेक्रेटरी म्हणाले, "आणि खेळ म्हणावा तर तुमचं वय जास्त आहे."

वेग जास्त आहे हे ताईच्या धावण्याबद्दल कुणी काढलेले पहिले आणि शेवटचे गौरवाचे उद्गार. पण पुढच्या वाक्यानं ते फिटून गेले.

प्रकरण कमिटीपुढे गेलं. कमिटी चहा पिऊन उठली तेव्हा निर्णय झाला होता: धावण्यापुरतं ताईला वाहन समजण्यात यावं. आवारात वाहनांसाठी पिवळा बाण रंगवला होता. इमारत डाव्या हाताला ठेवून गोल जायचं. ताईनंही बाणाच्या दिशेनंच धावावं, फाटकाबाहेर गाडी निघत असेल तर थांबावं आणि हॉर्न वाजवू नये. "दिसली!" हा हॉर्न आहे की नाही, यावर आणखी एक बैठक झाली. हळू आवाजात असेल तर नाही, असं ठरलं.

ताईचा स्वाभिमान दुखावला. एम.ए. झालेल्या, नोकरी करणाऱ्या, एका मुलीच्या आईला वाहन ठरवतात म्हणजे काय! "दुचाकी की चारचाकी, ते विचारलंस का?" नवऱ्यानं विचारलं, आणि त्या संध्याकाळी स्वतःचं जेवण स्वतः वाढून घेतलं.

पण वाहन झाल्यावर ताई खरंच धावू लागली. थंडीत नाक लाल, कानाला रुमाल, तोंडातून वाफ, अशी ती इमारतीला डावा खांदा लावून फिरत राहिली. सासूबाईंनाही उत्साह आला. नुसती नात उचलून त्यांना कंटाळा यायचा, म्हणून त्या बातम्याही देऊ लागल्या. एका फेरीला "दूध प्याली!", पुढच्या फेरीला "सांडलं!", त्याच्या पुढच्या फेरीला "पुसतेय!" खालच्या मजल्यांवरची मंडळी सकाळी खिडक्या उघडून ऐकत बसत. मग सासूबाईंचे हात दुखायला लागले. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. कठड्यावर टिंबूचा तांबडा स्वेटर लटकत असेल तर सगळं ठीक आहे असं समजायचं. चार दिवस ही व्यवस्था छान चालली. पाचव्या दिवशी स्वेटर कठड्यावर नव्हता. ताई बाण, नियम आणि जिन्याच्या पायऱ्या, तिन्ही ओलांडून वर पोचली, तेव्हा टिंबू भांड्यांशी खेळत होती आणि स्वेटर बादलीत भिजत होता.

"अगं, मळला होता," सासूबाई म्हणाल्या. "मुलीला लटकवू का आता कठड्यावर?"

चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचं मात्र बारीक लक्ष होतं. एका सकाळी त्यांनी ताईला जिन्यात बसवून बूट काढायला लावले.

"हे बघ. डाव्या बुटाची बाहेरची कड गेलीय, उजव्याची आतली. एकाच बाजूला वळतेस सारखी. चालतानाही डावीकडे कलतेस. उलट्या फेऱ्या मार थोड्या."

ताईनं सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "बाणाच्या विरुद्ध? उद्या गाडीची धडक बसली तर विमा कंपनी काय म्हणेल?"

विमा कंपनी काय म्हणेल ते ताईला चांगलंच ठाऊक होतं. तसले दावे तिनं स्वतःच नामंजूर केले होते. ती मुकाट्यानं डावीकडे वळली.

मधल्या काळात सहली येतच होत्या. डोंगरावरच्या विश्रामगृहात इतकं धुकं होतं, की ताईला इमारत दिसायची पण खिडकी दिसायची नाही. तिनं दर फेरीला काचेला नाक लावून आत बघायचं ठरवलं. पाचव्या की सहाव्या फेरीला तिचा अंदाज एका खोलीनं चुकला. तिनं काचेला नाक लावलं, सवयीनं "दिसली!" म्हणाली, आणि मग तिला समोर दाढी करणारे, कमरेला फक्त टॉवेल असलेले एक गृहस्थ दिसले. न्याहारीला ते गृहस्थ हनुवटीला कापसाचा बोळा लावून आले, आणि ताईला बघताच त्यांनी आपलं टेबल बदललं.

समुद्रावर नवरा म्हणाला, "हे बघ, केवढा किनारा! इथे तरी सरळ धाव."

ताईनं मनापासून प्रयत्न केला. थोडं सरळ गेली, मागे वळून पाहिलं, तर टिंबू खरोखरच टिंबाएवढी झालेली. पाय आपोआप डावीकडे वळले. डावीकडे समुद्र होता. गुडघाभर पाण्यातून परत येऊन तिनं मग टिंबूच्या चटईभोवतीच फेऱ्या धरल्या. एक बाई वाळूकडे बघत गोल गोल फिरतेय हे पाहून दोघंतिघं जवळ आले, काय हरवलंय विचारू लागले आणि उत्तराची वाट न बघता शोधायलाही लागले. कुणाचा तरी चष्मा सापडलासुद्धा.

जंगलातल्या वनरक्षकानं तर हातच जोडले. "बाई, इथे चाला, बसा, झोपा. धावू नका. धावणाऱ्याच्या मागे लागायची काही जणांना सवय असते." कोणाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि ताईनं विचारलं नाही. सहलीचे दोन्ही दिवस ती जेवणघरातल्या लांब टेबलाभोवती धावली. सासूबाई पाय वर घेऊन जेवल्या.

"तीन ठिकाणं दाखवली तुला," परतताना नवरा म्हणाला, "पण तुझं प्रेक्षणीय स्थळ एकच."

ताईला राग आला नाही, कारण ते खरं होतं. तिच्या मांडीवर ते प्रेक्षणीय स्थळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं. राग नव्हता, पण धास्ती होती. दम आता टिकत होता, पाय दुखत नव्हते. इमारतीभोवती ती दहा किलोमीटर सहज पुरे करत होती. पण लग्नाआधीच्या त्या सकाळी रस्ता सरळ जाणार होता, आणि टिंबू मागे राहणार होती. अर्ध्या वाटेतून आपण परत फिरलो तर धाकटी त्या काटक मंडळींत एकटी पडेल. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर त्यावर बैठक झाली असती.

ती सकाळ उजाडली. गावातल्या मोठ्या चौकात मधोमध गोल बाग होती. तिथून सुरुवात आणि तिथेच शेवट. बागेला अर्धा वळसा घालायचा, उजव्या हाताच्या रस्त्याला लागायचं, कालव्याच्या काठानं सरळ जाऊन परत यायचं. एवढ्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बागेतल्या बाकावर सासूबाई टिंबूला घेऊन बसल्या. टिंबूच्या अंगात तांबडा स्वेटर. शेजारी आई, शाल पांघरलेले बाबा, आणि पिशवीभर संत्री घेऊन ताईचा नवरा.

धाकटीच्या सासूबाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"आमच्याकडे एकच नियम," त्या ताईला म्हणाल्या. "जो सगळ्यांत नवा, तो सगळ्यांत पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे, त्याच्या वेगानं. कुणी कुणाला ओलांडायचं नाही, पुढच्याला टोकायचं नाही. म्हणजे कुणी मागे पडत नाही."

"पुढे?" ताईचा आवाज चिरका झाला. "मी?"

"तू आणि तुझी बहीण. मी शेवटी असते."

शिट्टी झाली. ताई निघाली. शेजारी धाकटी, मागे नवरदेव, त्याच्यामागे अख्खं सासर. बाग डाव्या हाताला होती, बागेत टिंबू होती. डावा खांदा आत झुकला, पाय ओळखीच्या लयीत पडू लागले, आणि ताईला वाटलं, अरे, हे तर जमतंय!

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "आपला रस्ता गेला."

"कुठे गेला?"

"मागे. उजवीकडे होता."

"अगं मग सांगायचं नाही का?"

"तू इतकी छान वळत होतीस."

ताईनं मागे पाहिलं. काटक मंडळी ओळ न मोडता, चेहऱ्यावर कसलीही शंका न दाखवता तिच्या मागे वळली होती. पुढच्याला टोकायचं नाही म्हणजे नाही. तेवढ्यात बाक आला. सासूबाईंनी सवयीनं टिंबूला उचललं आणि ताईच्या तोंडून सवयीनं, मोकळ्या चौकाला शोभेल इतक्या मोठ्यानं, निघालं, "दिसली!"

मागच्यांना वाटलं, ही यांच्याकडची घोषणा असावी. नवरदेव, सासरे, काका, आत्या सगळे एकदम गरजले, "दिसली!"

बागेतली कबुतरं उडाली. नवरा संत्र्यांच्या पिशवीत तोंड घालून बसला. ताईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण थांबावं तर मागची रांग अंगावर येणार. या फेरीला नक्की उजवीकडे, असं ठरवून ती धावत राहिली. रस्ता आला. ताईनं टिंबूकडे एकदाच शेवटचं पाहून घ्यावं म्हणून मान वळवली, आणि रस्ता पुन्हा मागे गेला.

"दिसली!" मागची मंडळी या वेळी तिच्याही आधी ओरडली.

पण ह्या खेपेला ताईनं नीट पाहिलं होतं. टिंबू तिच्याकडे बघतच नव्हती. सासूबाई तिला उचलत होत्या तेव्हाही तिची मान संत्र्याच्या फोडीकडे. आई नावाचं वाहन समोरून गेलं काय आणि न गेलं काय. हिवाळाभर ज्या मुलीसाठी बूट वाकडे केले, तिला आई दिसली नाही म्हणून काडीचा फरक पडत नव्हता. ताईला एका डोळ्यानं रडू आलं आणि दुसऱ्यानं हसू.

"चल," ती धाकटीला म्हणाली. "आता नक्की. सरळ जायचं."

धाकटी म्हणाली, "अजून एक फेरी मार ना."

तो आवाज! ताईनं वळून पाहिलं. धाकटी बाकाकडे बघत होती. बाबा एका हातानं गुडघा चोळत होते आणि दुसरा हात, दर फेरीला ती पहिल्यांदाच दिसल्यासारखा, हलवत होते.

"इथून सगळे दिसतात गं," धाकटी म्हणाली. "उद्यापासून..."

ताईच्या जाकिटाच्या टोपीची दोरी कशाला तरी अडकली होती. कशाला, ते बघायची गरज नव्हती. धाकटीनं ती मुठीत धरली होती.

ताईनं फेरी मारली. एक झाली, मग न सांगता आणखी एक झाली. मागची मंडळी निष्ठेनं वळत होती, ओरडत होती. मग पुन्हा तो उजवीकडचा रस्ता आला, लांबच लांब, रिकामा, धुक्यात गेलेला, आणि ताईचा उजवा पाय हिवाळाभरात पहिल्यांदा बाहेर पडला.

"मागे बघू नकोस," ती धाकटीला म्हणाली.

"तू बघतेयस ना!"

"मी मोठी आहे."

मागे शेवटी कुठेतरी शिट्टी वाजली, बहुधा सुटकेची.

सगळे कालव्यावरून परत आले तेव्हा उन्हं वर आली होती. ताईच्या उजव्या पोटरीनं, इतके दिवस आरामात असल्यानं, जोरदार तक्रार केली होती. पण ती कुठेही परत फिरली नव्हती, आणि धाकटीच्या मुठीतली दोरी चोळामोळा झाली होती. टिंबू बाकावर झोपली होती. ती किती वेळची झोपलीय, असं ताईनं विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात आणि शांतता झाली, तशी झोपली."

धाकटीचे सासरे घाम पुसत बाबांकडे आले. "तुमची ती फेऱ्यांची आणि घोषणेची पद्धत फार आवडली. आधी अंग मोकळं होतं. आमच्या नातवंडांच्या लग्नांतही ठेवू."

"हो, आमच्याकडे पूर्वीपासून आहे," बाबांनी सांगून टाकलं.

लग्न झालं. धाकटी तिच्या घरी गेली. दोनतीन आठवड्यांनी एका सकाळी ताई बाल्कनीत तांबडा स्वेटर वाळत घालत होती, तेव्हा फोन वाजला.

"ताई, मी धावतेय," धाकटी धापा टाकत म्हणाली. "आमच्या इमारतीभोवती. इथला बाण उजवीकडे आहे."

"मग बूट लवकर बदल. बाकीचे कुठे आहेत?"

"ते मोठ्या रस्त्यावर गेले. मलाच आज इथे फेऱ्या माराव्याशा वाटल्या. पण वर बाल्कनीत कुणी नसतं गं."

ताईनं स्वेटर कठड्यावर नीट पसरला. खाली पिवळा बाण थंडीत रिकामा पडला होता.

"फोन चालू ठेव," ती म्हणाली, "आणि धाव."

बराच वेळ नुसती धाप ऐकू येत राहिली. मग आवाज आला, "आले!"

"दिसलीस," ताई म्हणाली.

"काहीतरीच! एवढ्या लांबून कशी दिसेन?"

"दिसलीस म्हटलं ना. कानाला रुमाल बांधला नाहीस. पुढच्या फेरीला बांधून ये."